हसणाऱ्यांना चहा

परतूरला मला जी खोली मिळाली, तिला एकच अट होती. बुधवारी संध्याकाळी घरी असायचं. मला वाटलं, बुधवारी पाण्याची पाळी असेल, नाहीतर घरात काही उपासतापास. मी तेवीस वर्षांची होते, पहिलीच नोकरी होती, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकती लागले होते. खोली माडीवर होती, हवेशीर होती आणि खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसत होते. मी लगेच हो म्हणून टाकलं.

"नुसतं हो नका म्हणू बाई," घरमालक म्हणाले. "तुमी जालन्याच्या. शनिवारी गाडी धरून घरी जाताल, ते ठीकय. बुधवार मात्र आमचा."

"बुधवारी काय असतं?"

"तुमी वरून खाली यायचं," ते गंभीरपणे म्हणाले. "भाडेकरू हायत ना तुमी."

जिना उतरून खाली यायला बुधवारच कशाला हवा, हे मला कळलं नाही. पण सामान लावायचं होतं, म्हणून मी विषय सोडून दिला. माणूस थोडा सैल दिसतोय, एवढंच मनात आलं. पुढे चार वर्षं मी त्या घरात राहिले, आणि त्या माणसाइतका घट्ट माणूस मला पुन्हा भेटला नाही.

गावात त्यांना सगळे ग्रेडरसाहेब म्हणत. कापूस खरेदी केंद्रावर ते प्रतवारी ठरवायचे. बैलगाडीपाशी जायचे, मधोमध हात खुपसून चिमूटभर कापूस काढायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचे. तुटलेले तुकडे पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी बोटांवर एक पांढरी रेघ उरायची. तिच्याकडे न बघताच ते धाग्याची लांबी सांगायचे. हे सगळं चालू असताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे. शेतकरी म्हणायचे, साहेब झोपेत ग्रेड देतात. पण त्यांनी दिलेल्या ग्रेडवर सहसा कोणी हुज्जत घालत नसे.

ही सवय केंद्रावरून त्यांच्याबरोबर घरी यायची. दुनियेतली कुठलीही वस्तू हातात आली की ती त्यांच्या बोटांतून जायची. आमच्या मुख्याध्यापकांबद्दल ते म्हणाले होते, "माणूस लांब धाग्याचाय, पण ओलावा जास्त." ओल्या कापसाचं वजन खोटं असतं, असं त्यांचं म्हणणं. जो फार गोड बोलतो, ऊठसूट डोळ्यांत पाणी आणतो, त्याच्यात ओलावा जास्त. मी सहा महिने राहिल्यावर माझाही निकाल लागला. "बाई मध्यम धागा. कचरा न्हाई." मला आजवर जितके चांगल्या वर्तणुकीचे दाखले मिळाले, त्यांत हा सगळ्यात वर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, शर्टाच्या खिशाच्या शिवणीत कापसाची लव असायची. दारात उभे राहून ते स्वतःला झटकायचे. मग हवेत थोडा वेळ काहीतरी पांढरं तरंगत राहायचं आणि त्यातून ते आत यायचे. मला अजूनही त्यांची आठवण आली की आधी ती लव दिसते, मग माणूस.

घरात दोघंच होती. काकू दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर बसलेल्या असत. त्यांना काचबिंदू झाला होता. औरंगाबादला दाखवलं तोवर उशीर झाला होता आणि दोन्ही डोळे गेले होते. आधी त्या भिंतीला धरून घरभर हिंडत. मग एकदा पुढच्या दाराच्या मोडक्या पायरीवरून गल्लीत पडल्या, हात मोडला. हात जुळून आला, पण पाय बसले ते बसलेच. मी आले तेव्हा त्यांनी एकटीने पाऊल टाकलं नव्हतं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. कुठंही जायचं तर ग्रेडरसाहेबांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून. न्हाणीपर्यंत, चुलीपर्यंत, अंगणातल्या तुळशीपर्यंत. ते केंद्रावर गेले की त्या बाजेवर. दुपारी ते सायकल मारत घरी यायचे, त्यांना उठवायचे, बसवायचे आणि परत जायचे.

मला एकदा जिन्यात थांबवून ते म्हणाले होते, "हजार गाड्यांचा धागा बघितला बाई मी. एक सुताचा फरक सांगतो. घरातली बाई भिंतीला हात लावून चालून राह्यली, ते न्हाई दिसलं." एवढं बोलून ते खाली उतरून गेले. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पण त्यांचं एकच चाललेलं असायचं: ही पुन्हा एकटी चालली पाहिजे. त्यांनी केलेला सगळा वेडेपणा त्या एका गोष्टीसाठी होता, आणि लोकांना फक्त वेडेपणा दिसला.

तर बुधवार. बुधवारी टीव्हीवर एक हिंदी विनोदी मालिका लागायची. तिला नाव होतं, पण परतूरला ते कोणी घेत नसे. "बुधवार बघितला का?" असं विचारायचे. एक म्हातारा डॉक्टर, ज्याच्याकडे कधीच पेशंट येत नाही. त्याची तोंडाळ थोरली बहीण. भाचा आणि भाच्याची बायको. आणि माडीवरचा भाडेकरू, जो नेमका नको तेव्हा जिना उतरून खाली येतो. सगळं एकाच दिवाणखान्यात घडायचं. फोन वाजायचा, डॉक्टर पळत जायचा, आणि तो राँग नंबर निघायचा. एवढ्यावर अख्खं गाव आठवडाभर खूश असायचं.

ग्रेडरसाहेबांकडे लाकडी दारांचा, काळा-पांढरा टीव्ही होता. घरावर उंच बांबूला ॲंटेना बांधलेला. बुधवारी अर्धी गल्ली ओसरीवर जमायची. काकू बाजेवर, शेजारी ग्रेडरसाहेब, आणि ते त्यांना चित्र सांगत असायचे. "बहीण आली. उभी हाय. बसली. डॉक्टरानं चष्मा काढला. सोफा बी ग्रेडचाय, मधून दबलाय." पुढं बसलेले लोक वैतागून मागं बघायचे. ते थांबायचे नाहीत. आणि काकू, ज्या दिवसभर कोणाशी धड बोलत नसत, त्या या अर्ध्या तासात जाग्या व्हायच्या. प्रश्नावर प्रश्न. जिना कुठल्या हाताला? फोन टेबलावर की भिंतीला? दार आत उघडतं की बाहेर?

एका बुधवारी त्यांनी विचारलं, "अवो, हे हसून कोण राह्यलंय?"

मालिकेत कोणी काही बोललं की मागून हशा यायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे.

"लोक हायत," ग्रेडरसाहेब म्हणाले.

"कुठले?"

"तिथलेच."

"दिसून राह्यले का तुम्हाला?"

ग्रेडरसाहेबांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "न्हाई. मला बी न्हाई दिसत."

"मंग तुमचं नि माझं सारखंच की," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "इतकी माणसं आल्यात, दर बुधवारी येत्यात, आन त्या घरात त्यांना कुणी बसा म्हणत न्हाई. चहा तर बिलकुल न्हाई."

सगळे हसले. ग्रेडरसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात आलेख कागद होता. "बाई, तुमी नकाशे काढता. त्या डॉक्टराच्या घराचा काढा."

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं म्हैस असायची. तिथं डॉक्टरचा दिवाणखाना उभा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "ती ते घर ऐकते," ते म्हणाले. "हाताला लागलं तर त्याच्यात चालंल." मी भूगोलाची पदवीधर; मला वाटलं, यात काय अवघड? चार बुधवार समोर बसून मी प्रमाणबद्ध नकाशा काढला आणि काकूंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"फोन इतक्या लांब न्हाई," त्या म्हणाल्या. "दाराची बेल होते, मंग कडी, मंग चार पावलं, आन रिसिव्हर उचलल्याचा आवाज. चारच. तुमी आठ धरली."

"काकू, मी डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलं आसल. म्या मोजलंय."

पुढच्या बुधवारी मी मोजलं. चारच होती. टीव्हीत खोली होती त्यापेक्षा मोठी दिसायची, एवढंच. त्यानंतर मी मुकाट्याने खोडरबर घेतला आणि त्या सांगतील तशा रेघा मारल्या. जिन्याच्या पाच पायऱ्या. तिसरी वाजते. बहिणीच्या खुर्चीला मागं टेकायची पाठ नाही, कारण ती बसली की लगेच उठते. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे, फळी नाही. हे सगळं त्यांनी ऐकून सांगितलं, आणि पुढच्या बुधवारी पडद्यावर तपासलं की बरोबर निघायचं.

शेड तयार व्हायला पाच महिने लागले. सोफा ग्रेडरसाहेबांनी स्वतः भरला, आणि मधून दबलेला हवा म्हणून त्यावर रोज संध्याकाळी अर्धा तास बसून पेपर वाचला. जिना सुताराकडून करून घेतला. पाच पायऱ्या चढल्या की वर एक फळी आणि पडदा, पुढं काही नाही. तिसरी पायरी वाजावी म्हणून सुताराला तिचे खिळे पुन्हा काढायला लावले. तो बिचारा गावभर सांगत सुटला की चांगलं काम बिघडवायचा हुकूम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. प्रत्येक वस्तूच्या पायाखाली जमिनीवर खडूची खूण होती. कोणी तिपाई बोटभर सरकवली तर ग्रेडरसाहेबांचा आवाज चढायचा. एरवी तो कधी चढत नसे.

अडलं ते चौथ्या भिंतीपाशी. टीव्हीत त्या घराला तीनच भिंती होत्या. ग्रेडरसाहेबांनी तीन उभारल्या आणि चौथीकडे बघत राहिले. शेवटी काकूंनीच निकाल दिला. "तिकडं ते हसणारे बसत आसतील." मग त्या बाजूला भिंत घातली, भिंतीलगत एक बाकडं टाकलं आणि पुढं सतरंजी अंथरली. तो हसणाऱ्यांचा कोपरा झाला.

पहिल्या दिवशी काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अंगण ओलांडून आल्या. ग्रेडरसाहेबांनी बेल दाबली, दार उघडलं. आत पाऊल टाकल्यावर काकू थांबल्या. त्यांनी खांद्यावरचा हात काढला. एक, दोन, तीन, चार. हात पुढं केला आणि तो फोनवर पडला. मग सोफ्याला वळसा घालून त्या जिन्यापाशी गेल्या, तिसरी पायरी वाजवून परत आल्या, बहिणीच्या खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, त्यांतून त्या जात-येत होत्या. मी दारात उभी होते. मला वाटलं, आपण टीव्हीच्या आत आलोय आणि इथून पुढं सगळं असंच हळू, उजेडात चालत राहणार. ग्रेडरसाहेब डोळे मिटून उभे होते. त्यांचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं, कापूस नसताना.

पण दाराबाहेर आल्या की काकूंचा हात पुन्हा खांद्यावर. त्या खोलीत त्या चालत, घरात नाही. स्वतःच्या घरापेक्षा त्यांना टीव्हीतलं घर जास्त ओळखीचं झालं होतं. ग्रेडरसाहेब म्हणायचे, "आत चालून राह्यली. बाहेरचं बघू."

खोलीची बातमी फुटायला वेळ लागला नाही. आधी गल्ली आली, मग गाव, मग मंठ्याहून, राजूरकडून, जालन्याहून लोक यायला लागले. दारावर मी माझ्या अक्षरात पाटी लिहून दिली होती: सगळ्या वस्तूंना हात लावावा. आत येण्याचे दोन नियम होते. बेल दाबून यायचं. आणि आल्यावर एकतर त्या घरातलं कोणीतरी व्हायचं, नाहीतर हसणाऱ्यांत बसायचं. नुसतं बघे म्हणून उभं राहता येत नसे. "बघायला घरी टीव्ही हाय," असं ग्रेडरसाहेब सांगत. शिक्षक डॉक्टर व्हायचे, आडतवाले भाचा व्हायचे, आणि ज्यांच्या तोंडातून घरी शब्द निघत नसे अशा सुना थोरली बहीण होऊन सगळ्यांना झाडून काढायच्या. भाडेकरू मात्र कायम मीच. पडद्यामागं फळीवर उभं राहायचं आणि नको त्या वेळी खाली उतरायचं. खोली घेताना ग्रेडरसाहेबांनी घातलेली अट आता अशी पुरी होत होती. आमच्या शाळेतल्या मुलींनी मला तशी उतरताना पाहिलं, आणि वर्गात मी नकाशा लावायला वळले की मागून कोणीतरी बेलचा आवाज काढायचं.

फोनला वायर होती, पण ती कुठं जोडलेली नव्हती. तरी त्यावर लोक खूप बोलले. राजूरजवळच्या एका खेड्यातला म्हातारा आला होता. त्याने रिसिव्हर कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिला. हसणारे आपले हसायच्या तयारीत बसलेले. मग तो म्हणाला, "बरं. ठीकय. जपून ऱ्हा," आणि रिसिव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला. त्या वेळी कोणी हसलं नाही. तो कोणाशी बोलला, हे आम्ही विचारलं नाही.

जालन्याहून एकदा बियाण्यांच्या कंपनीतले एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. सोफा पाहून ते म्हणाले, "अहो, हिरवा कसा? सोफा तपकिरी आहे." आम्ही कोणीच तो रंगात पाहिला नव्हता. कापड घ्यायच्या वेळी ग्रेडरसाहेबांनी काकूंना रंग विचारला होता. बहीण त्या सोफ्यावर बसली की तिचा आवाज मऊ होतो, म्हणजे तो हिरवा असणार, असं काकू म्हणाल्या होत्या.

"तुमच्याकडं तपकिरी आसल," ग्रेडरसाहेब म्हणाले. "आमच्याकडं हिरवाय." आणि त्यांना हसणाऱ्यांत बसवून चहा दिला.

चहाचं हे असं होतं. हसणाऱ्यांना चहा मिळालाच पाहिजे, हा काकूंचा हट्ट. सुरुवातीला ग्रेडरसाहेबच करायचे. पण गर्दी वाढली, त्यांना दारात उभं राहावं लागायचं आणि चहा राहून जायचा. दोन-तीनदा काकूंनी विचारलं, "मिळाला का त्यांना?" एकदा पाहुणे कोरडेच परत गेल्याचं त्यांना कळलं. पुढच्या वेळी मी खाली आले तर बाज रिकामी. आत स्टोव्हचा आवाज. काकू भिंतीला पाठ लावून एकेक पाऊल सरकत स्टोव्हपर्यंत गेल्या होत्या आणि बोटाने दुधाची पातळी बघत होत्या. मी पुढं व्हायला गेले तर ग्रेडरसाहेबांनी मला मागं ओढलं. ते दाराआड उभे होते. दबक्या आवाजात म्हणाले, "बोलू नका. चौदा पावलं झाली." त्या दिवसाचा चहा खारट होता. सगळ्यांनी तो पूर्ण प्यायला.

एकदा मुंबईहून सुटीला आलेला कोणाचा तरी भाऊ म्हणाला, तो हशा टेपवर असतो, तिथं माणसं नसतातच. ग्रेडरसाहेबांनी त्याला हाताला धरून अंगणाच्या टोकाला नेलं. "हिला बोलू नका," ते म्हणाले. "ती त्या लोकांसाठी उठती." तो भला माणूस होता. परत आत जाऊन हसणाऱ्यांत बसला आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसला.

अलीकडे औरंगाबादला एका मोठ्या दुकानात कुठल्याशा जुन्या मालिकेचं असंच प्रदर्शन पाहिलं. हुबेहूब सोफा होता, रंग अगदी बरोबर असणार. पुढं दोरी बांधली होती. एक लाल बटण होतं, ते दाबलं की हशा व्हायचा. लोक दाबत होते आणि फोटो काढत होते. मीही दाबलं. मग माझ्या नकळत मी बाकडं शोधायला लागले. तिथून बाहेर पडले तेव्हा परतूरची फार आठवण आली, आणि दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते गणपतीतलं. माझं तिथलं तिसरं वर्ष. गणपतीत लोक गल्लोगल्ली देखावे बघत हिंडतात, आणि त्या फेरीत आता आमची शेडही आली होती. कोणीतरी विचारायचंच, "ह्यांच्या देखाव्यात गणपती कुठंय?" आणि हसणाऱ्यांतून उत्तर यायचं, "पेशंट बघायला गेला."

त्या संध्याकाळी आत तीसेक माणसं होती, आणि मी पडद्यामागं फळीवर. बाहेर दिवस मावळून गेला होता, अंगणात थोडा निळसर उजेड उरला होता. आणि लाइट गेली. सगळ्या गावाची गेली; लांबचे कर्णे एकदम गप्प झाले. शेडला चारी बाजूंनी भिंती आणि पडदे, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. एक पोर रडायला लागलं. कोणीतरी तिपाईवर आदळलं.

"कुणी हलू नका," ग्रेडरसाहेब ओरडले. "मी बॅटरी आणतो." पण ते स्वतःच सोफ्याच्या मागं माणसांत अडकले होते.

मग काकूंचा आवाज आला. साधाच, चहा विचारावा तसा. "घाबरू नका. एकमेकांचे हात धरा. म्या दाराकडं जाऊन राह्यले. बाई, तुमी वर हायत का? पाच पायऱ्या. उतरा, म्या थांबते."

मी उतरले. तिसरी वाजली. कोणाचा तरी हात माझ्या हातात आला, आणि मागून एक हात माझा दुसरा हात शोधत आला. त्या हाताची बोटं मी ओळखली. ग्रेडरसाहेब होते. साखळी हलली. सोफ्याला वळसा, फोन, चार पावलं, कडी. दार उघडलं आणि तिथं साखळी थांबली.

सगळ्यांना वाटलं, पुढं काही आडवं आलंय. मला आणि माझ्या मागच्या माणसाला कळलं होतं. दाराबाहेर त्या कधी खांद्याशिवाय गेल्या नव्हत्या, आणि खांदा सगळ्यांच्या शेवटी होता. ते हाक मारतील असं मला वाटलं. मारली असती तर काकू दारातच त्यांची वाट बघत राहिल्या असत्या.

"पोराला कडेवर घ्या," काकू पुढं म्हणाल्या. "इथं तुळशीचा ओटा हाय." आणि साखळी पुन्हा चालायला लागली. अंगण, मधला बोळ, ओसरी, पुढचं दार. "जपून. इथली पायरी मोडकी हाय. म्या पडले होते." एकेक माणूस त्यांनी हाताला धरून गल्लीत उतरवला. आम्ही दोघं शेवटी उतरलो, त्यांच्या हाताला हात न लावता.

गल्लीत घरंच्या घरं काळी उभी होती. लोक हसत, बोलत पांगले. काकू पायरीशी उभ्या होत्या. घराकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "अवो, म्या जरा शिंपीणबाईकडं जाऊन येते." ग्रेडरसाहेब अजून आतच आहेत, असं त्यांना वाटत असावं. शिंपीणबाई ही त्यांची जुनी मैत्रीण. घर दोन गल्ल्या सोडून. तिचे गुडघे गेले होते, यांचे डोळे, त्यामुळे तीन वर्षं दोघींची गाठ नव्हती. उत्तराची वाट न बघता काकू भिंतीला हात लावून निघाल्यासुद्धा.

ग्रेडरसाहेब वाकले आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. काकू त्यांची पावलं ओळखतील म्हणून. मीही काढल्या. आम्ही दोघं अनवाणी, दहा पावलं मागं ठेवून चाललो. मावळतीकडे आकाशात अजून थोडं पांढरं शिल्लक होतं, आणि काकूंचं लुगडं त्याच्याखालून पुढं पुढं जात होतं. मला ते स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. पायाखाली खडे टोचत होते म्हणून ते खरं होतं, एवढंच.

पहिल्या वळणावर कोणाचा तरी हातगाडा आडवा उभा होता. काकूंचा गुडघा त्यावर आदळला. ग्रेडरसाहेब उडालेच, मी त्यांचा दंड धरला. काकूंनी गाड्याला हात लावला, चाक चाचपलं, दांडी चाचपली. त्याच्या मालकाला उद्देशून एक ठेवणीतली शिवी दिली. मग वळसा घालून त्या वळणापलीकडे गेल्या.

आम्ही वळणावर आलो. त्या बऱ्याच पुढं गेल्या होत्या, आणि आता भिंतीला हात नव्हता. मी पाऊल उचललं तेव्हा ग्रेडरसाहेब म्हणाले, "चला बाई, माघारी जाऊ."

"अहो काका, पुढं गटार आहे."

"हाय," ते म्हणाले. "तिला म्हाईतंय. माहेरी जावं तसं जात होती ती त्या घरी."

"आणि येताना?"

"येताना येईल." त्यांच्या सगळ्या कसोट्यांनुसार त्यांच्यात त्या घटकेला फार ओलावा होता. "घरी जाऊ. ती येईल तवा आतून विचारायला तर कुणी पायजे, कोण हाय म्हणून."

ते वळले आणि घराकडे चालायला लागले. एकदाही मागं बघितलं नाही. चपला तशाच हातात होत्या. घर येईपर्यंत त्या पायात घालायचं त्यांना सुचलं नाही.